दंड भरला म्हणजे मिटले

ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. खरे तर तिला घटना म्हणावे इतकी ती मोठी नव्हती. खून नाही, दरोडा नाही, वर्तमानपत्रात चार ओळीही नाहीत. नोकरीत मी खुनांचे तपास केले, फरारी आरोपी परराज्यातून धरून आणले. त्यातले बरेचसे आज तपशिलासकट विसरलो आहे. पत्ते खेळताना सापडलेल्या एका माणसाला झालेला किरकोळ दंड मात्र माझा पिच्छा सोडत नाही.

निवृत्ती जवळ आली होती. पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. ठाण्यात सकाळी सगळ्यात जास्त गर्दी कुठे असते असे विचारले तर लोक कोठडीकडे बोट दाखवतील. गर्दी असते चारित्र्य पडताळणीच्या टेबलापुढे. खराडीत आणि हिंजवडीत कंपन्या उभ्या राहिल्यापासून माणूस चांगला आहे हे पोलिसांनी लिहून द्यावे अशी पद्धत पडली आहे. आयुष्यात कधी ठाण्याची पायरी न चढलेली माणसे हातात कागद घेऊन उभी असतात आणि उगाचच घाबरलेली असतात. टेबल सांभाळणाऱ्या आमच्या हवालदार बाई म्हणायच्या, "साहेब, मुलगी देतानासुद्धा लोक इतकी चौकशी करत नाहीत."

एका सकाळी याच टेबलापाशी आवाज चढला. एक तरुण बाईंना पुन्हा पुन्हा सांगत होता की हा मी नव्हेच. मी त्याला आत बोलावले. तिशी ओलांडलेला, नीटनेटका, पाठीला कंपनीची सॅक. कसबा पेठेत फोटो फ्रेमचे जुने दुकान आहे, त्या फ्रेमवाल्यांचा हा मुलगा. आजोबांच्या तसबिरी आणि मंडळाच्या ट्रॉफ्यांसोबतचे फोटो अर्धी पेठ त्यांच्याकडूनच मढवून घेई. मुलाचे नाव मी इथे लिहिणार नाही. त्या नावाने आधीच पुष्कळ सोसले आहे.

प्रकरण असे होते. त्याला खराडीतल्या एका मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली होती. हिंजवडीतल्या जुन्या नोकरीचा राजीनामा मंजूर झाला होता आणि नवी कंपनी पडताळणीचा दाखला आल्याशिवाय रुजू करून घेणार नव्हती. पडताळणीत आमच्या संगणकाने त्याच्या नावापुढे जुगार प्रतिबंधक कायद्याखालचा एक गुन्हा दाखवला. गुन्हा कबूल, दंडाची शिक्षा. अठरा वर्षांपूर्वीची धाड. आमच्या शहरात एका नावाची तीन माणसे सहज सापडतात, म्हणून मी आधी तेच तपासले. पण पहिले नाव, मधले वडिलांचे नाव, आडनाव, पत्ता, सगळे याचेच होते. वयाच्या जागी नुसते 'सज्ञान' लिहिले होते. किरकोळ कारवाईत तेव्हा असेच लिहीत. आधार कार्ड नव्हते, बोटांचे ठसे असल्या प्रकरणात कोणी घेत नसे. माणूस सांगेल ते नाव आणि दिसेल ते वय.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा धाडीत सापडलेल्या माणसाला वकिलापासून हवालदारापर्यंत सगळे एकच सल्ला देतात. कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा. खटला लढवायचा म्हणजे तारखांना रोजगार बुडवून खेपा घालायच्या. त्यापेक्षा पुकारा झाला की आत जायचे, 'कबूल आहे' म्हणायचे आणि दुपारच्या आत कामावर. दंड भरला म्हणजे मिटले, असे लोक समजतात. मिटत काही नाही. कबुली ही शिक्षाच असते, ती नोंदवली जाते, आणि अपिलाची मुदत माणसाला काही कळायच्या आत निघून जाते. आपल्याकडे जुनी शिक्षा पुसून देणारी खिडकी कोणत्याही कचेरीत नाही. मंत्र्यांची चिठ्ठी आणून पुसता येईल, असेही काहींना वाटते. त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवत असू.

त्या तरुणाला मी विचारले, धाडीच्या वेळी तुम्ही काय करत होता? तो म्हणाला, नुकतीच दहावी झाली होती, सोळा वर्षांचा होतो. हे ऐकून मला बरे वाटले, कारण त्यात सुटकेचा मार्ग होता. अठराच्या आतल्या मुलाला त्या न्यायालयाने शिक्षा द्यायलाच नको होती. वयाचा हा मुद्दा कितीही उशिरा काढता येतो आणि लहानपणीची अशी शिक्षा पुढे आयुष्यात आड येऊ शकत नाही. मी त्याला सरळ सांगितले की शाळा सोडल्याचा दाखला घेऊन न्यायालयात अर्ज करा, तेव्हा मी अल्पवयीन होतो म्हणा, काम होईल.

तो खुर्चीवरून उठला. "म्हणजे मी अड्ड्यावर होतो असं म्हणू?"

मी म्हणालो, "तेवढं म्हणावं लागेल."

"मी नव्हतोच, साहेब. न केलेलं कबूल का करू? आमच्या घरात पत्त्यांचा जोड आणायची सोय नाही. गणपतीत मांडवात मुलांबरोबर पत्ते घेऊन बसलो होतो, तर बाबांनी चारचौघांत कानाखाली वाजवली होती. ज्यानं माझं नाव घेतलं त्याला शोधा. त्याच्यावर गुन्हा दाखल करा."

त्याने तिथल्या तिथे तसा अर्ज लिहून दिला. मला त्याचा राग आला आणि तो आवडलाही. जो खरा असतो तो सोपी वाट घेत नाही, उलट ती दाखवणाऱ्यावरच चिडतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले होते. त्यामुळे त्याचे म्हणणे मी मनावर घेतले.

त्या धाडीत पकडलेल्यांपैकी दोघे वारले होते, एक गाव सोडून गेला होता. राहिला एक, पेठेतलाच रद्दीवाला. मी साध्या कपड्यांत त्याच्याकडे गेलो. पोलिसाची चाल कपडे बदलून जात नाही; त्याने वजनकाट्यावरून नजर न उचलता विचारले, "साहेब, रद्दी घालायला आलात की मला न्यायला?"

मी धाडीचा विषय काढला. तो म्हणाला, काल काय जेवलो ते आठवत नाही, अठरा वर्षांपूर्वीचे काय विचारता. फ्रेमवाल्यांचा मुलगा होता का, म्हणून विचारले, तर म्हणाला असेल, कागदावर आहे ना, मग असेलच. सरळ विचारून याच्याकडून काही निघणार नव्हते. शेजाऱ्याच्या बाबतीत पेठेतला माणूस पोलिसांना खरे सांगत नाही, आणि खोटे सांगितले असेही पुढे म्हणता येऊ नये अशा बेताने बोलतो.

तेव्हा मी माणसांचा विषय सोडला आणि पत्त्यांचा धरला. जुगारी माणूस तारखा विसरतो, लग्नाचा वाढदिवस विसरतो, पण अर्धवट राहिलेला डाव विसरत नाही. मी म्हणालो, ते असू दे हो, धाड पडली तेव्हा तुमच्या हातात काय होते? त्याने पहिल्यांदाच वर पाहिले. चेहरा एकदम तरुण झाला. राजाची जोडी होती म्हणाला. मग कोण कुठे बसले होते, कोण पान न बघता खेळत होता, सगळे आपसूक येऊ लागले. आणि ओघात म्हणाला, "मला वाटलं डाव माझाच. तर फ्रेमवाल्यांनी तीन गुलाम टाकले की हो समोर. तेवढ्यात तुमचे लोक दारात. तो डाव अजून तसाच राहिलाय."

"कुठल्या फ्रेमवाल्यांनी?" मी विचारले. "दुकानात तर दोघे असतात."

त्याने काट्यावरची रद्दी उगाच खाली घेऊन पुन्हा वर ठेवली. शेवटी म्हणाला, "पोरगं नव्हतं, साहेब. पोराला तर पत्ते पिसतासुद्धा येत नाहीत."

मला जे कळायचे ते कळले. धागा सापडला की तपास अधिकाऱ्याला एक आनंद होतो. तो त्या दिवशी झाला नाही. आळीच्या तोंडाशी मी बराच वेळ उभा राहिलो आणि मग दुपारच्या सामसुमीत फ्रेमच्या दुकानात गेलो.

वडील एकटेच होते. साठीचे, पांढरी टोपी, बोटांना काचेच्या बारीक चिरा. आळीत त्यांच्या शब्दाला मान होता. मंडळाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत आणि भावाभावांची भांडणे त्यांच्या दुकानाच्या पायरीवर मिटत. मी कशासाठी आलो हे सांगायची वेळच आली नाही. रद्दीवाल्याकडून येतो आहे, एवढेच म्हणालो. त्यांनी काच कापायचा हिरा खाली ठेवला आणि स्टूल पुढे सरकवले.

त्यांनी काही लपवले नाही. एकदाच बसलो होतो, असेही ते म्हणाले नाहीत. तेव्हा नाद होता म्हणाले. धाडीत सगळ्यांना ओळीने भिंतीशी बसवले आणि हवालदार नावे लिहीत पुढे आला. "माझं नाव तोंडातून फुटेना, साहेब. उद्या आळीत वाचलं जाईल, असं झालं. दारावरून जाणारा जो तो मला पोराच्या नावानं, अमक्याचे बाबा म्हणूनच हाक मारायचा. पोराचंच नाव तोंडात आलं. मधलं नाव माझं, आडनाव माझं. मला वाटलं, फारसं खोटं बोललो नाही."

न्यायालयात त्याच नावाचा पुकारा झाला तेव्हा ते पुढे गेले, कबूल म्हणाले, दंड भरून दुकान उघडायला परत आले. पत्त्यांना पुन्हा हात लावला नाही. मुलाच्या हातात पत्ते दिसले तेव्हा मारले ते त्याच वर्षी. "मिटलं असं वाटलं होतं," ते म्हणाले, आणि हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. न्यायालयापुढे शपथेवर खरे सांगावे लागेल. दुसऱ्याचे नाव घेऊन कबुली दिली हा नवा गुन्हा होईल, आणि तो जुगारापेक्षा मोठा आहे. वय आणि काळ पाहून न्यायाधीश सौम्यपणे घेतील असे मला वाटते, पण तशी हमी मी देऊ शकत नाही. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "मुलाला माहीत आहे?"

"नाही. आणि मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. सोमवारी दोघे मिळून या."

त्यांनी मान डोलावली. मी उठलो. पोलीस खात्यात एक समज असतो, की माणसाला स्वतःहून बोलायला वेळ दिला तर तो बोलतो. गुन्हेगारांच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरे ठरते. बापांच्या बाबतीत मला अनुभव नव्हता.

सोमवारी मुलगा आला. सोबत वडील नव्हते, एक तरुण वकील होता. वकिलाला बाहेर बसवून मुलगा आत आला आणि टेबलावर शाळा सोडल्याचा दाखला ठेवला. आपला आधीचा अर्ज परत घ्यायचा आहे म्हणाला.

"त्या दिवशी मीच होतो, साहेब. सोळा वर्षांचा होतो. तुम्ही म्हणालात तसा अर्ज करतो."

आरोपीची कबुली ऐकण्यात माझी हयात गेली. खोटी कबुली कशी ऐकू येते हे मला कोणी शिकवायला नको होते. मी विचारले, "बाबा बोलले?"

"नाही बोलले." त्याचा आवाज खाली आला. "रविवारी दिवसभर माझ्याजवळ येऊन बसत होते. बसायचे, फ्रेमच्या लाकडी पट्ट्यांचे भाव किती वाढलेत ते सांगायचे आणि उठून जायचे. असं चार-पाच वेळा झालं. बाबा माझ्याशी कधी पट्ट्यांच्या भावाबद्दल बोलत नाहीत. मग शनिवारी तुम्ही दुकानात येऊन गेलात हे आईकडून कळलं. मला समजायचं ते समजलं."

मी त्याला म्हणालो, की ज्याच्यावर गुन्हा दाखल करा म्हणत होतात तो सापडला, आणि आता त्याचा गुन्हा तुम्ही अंगावर घेता आहात.

"पुसण्यासाठीच घेतोय ना?" तो म्हणाला. "आधी माझा आहे म्हटल्याशिवाय तो माझ्यावरून पुसता येत नाही. कायदाच तसा आहे, मी काय करू? या वयात त्यांना पिंजऱ्यात उभं करू? फक्त एक करा. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. ते कधीतरी सांगतील. त्यांना सांगू दे."

मी शब्द दिला. त्या वेळी तो मोठेपणाचा वाटला. वडिलांना मी शब्द दिला होता की मुलाला सांगणार नाही. आता मुलाला दिला की वडिलांना सांगणार नाही. खबऱ्यांची गुपिते सांभाळून सवय झालेल्या माणसाला यात काही अवघड वाटले नाही.

पुढचे सगळे रीतसर झाले. न्यायालयाने आमच्याकडून वयाचा अहवाल मागवला. शाळेत जाऊन जन्मतारीख तपासली, ती खरी होती, तसा अहवाल दिला. बाकीचे मला कोणी विचारले नाही, आणि तोंडी बोलण्याखेरीज माझ्यापाशीही दुसरे काही नव्हते. ना जबाब, ना पंच. निकाल त्याच्या बाजूने लागला. ती शिक्षा त्याच्या आड येणार नाही असा आदेश झाला, आणि हवालदार बाईंनी नव्या दाखल्यावर त्याचे नाव स्वच्छ लिहिले. पण न्यायालयाचे कामकाज न्यायालयाच्या गतीने होते. खराडीच्या कंपनीने तोवर दुसरा माणूस घेतला होता. जुन्या नोकरीवरची जागाही भरली होती. ज्या दुकानात बसायचे नाही म्हणून मुलगा रात्रंदिवस शिकला, त्याच दुकानात कित्येक महिने वडिलांच्या शेजारी बसून तो काच पुसत होता. नंतर हिंजवडीत नोकरी मिळाली, पहिलीपेक्षा लहान.

निवृत्तीनंतर निरोप समारंभाचा फोटो मढवायला मी त्यांच्याकडेच गेलो. रविवार होता, बापलेक दोघेही दुकानात होते. एक गिऱ्हाईक गणपतीची तसबीर घ्यायला थांबले होते. त्याने माझी ओळख विचारली. वडील म्हणाले, "हे साहेब. आमच्या चिरंजीवांनी लहानपणी पत्त्यांचा उद्योग केला होता, तो यांनी निस्तरला." आळीला न्यायालयातली गोष्ट एव्हाना माहीत झाली होती, आणि आळीला तीच खरी होती. गिऱ्हाईक हसून म्हणाले, बरं झालं, वेळेवर कानाखाली वाजवली होतीत ना.

मुलगा काचेवरची धूळ पुसत होता. तो म्हणाला, "चुकलंच होतं माझं."

मला तिथे बसवेना. फोटो ठेवून मी निघालो. वडील मला सोडायला आळीच्या तोंडापर्यंत आले. तिथे म्हणाले, "साहेब, मी रोज ठरवतो."

"काय?"

"त्याला सांगायचं. सकाळी ठरवतो. तो येतो, बाबा चहा घेतला का विचारतो, आणि माझं राहून जातं. त्याला काही माहीत नाही हो. माहीत असतं तर माझ्याशी असा वागला असता का?"

माझ्या तोंडाशी उत्तर आले होते. त्याला सगळे माहीत आहे, आणि म्हणूनच तो असा वागतो. पण मी शब्दाला बांधलेला होतो. मी म्हणालो, सांगा एकदा, बरे वाटेल. असल्या फुसक्या सल्ल्याची आजही मला लाज वाटते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे विचाराल तर फार काही सांगण्यासारखे नाही. पेठेतल्या माणसांना मी भेटेल तिथे सांगतो, की किरकोळ म्हणून काही कबूल करू नका, वकील मागा, वय सांगा, आणि नाव स्वतःचे सांगा. एवढे सांगितले की माझे पोलिसाचे काम संपते. पण मला खंत आहे ती वेगळीच. त्या दोघांचेही मन मला ठाऊक आहे आणि ते एकमेकांना ठाऊक नाही. बाप माफी मागायला घाबरतो आहे आणि मुलाने ती कधीच देऊन टाकली आहे. दोघांच्या मध्ये मी माझा शब्द घेऊन उभा आहे, आणि वडील आता सत्तरीकडे चालले आहेत.

म्हणून हे लिहिले. नाव घेतलेले नाही, म्हणजे शब्द पाळला असे मी स्वतःला समजावतो. फ्रेमच्या पाठीमागे लावायला त्यांना छापील कागद लागतो, आणि तो त्याच रद्दीवाल्याकडून येतो. हे पान फिरत फिरत कधीतरी त्या दुकानात पोहोचेल. वडिलांच्या हातात पडले तर त्यांनी ते मुलाला वाचून दाखवू नये. आधी चहा मागवावा आणि पट्ट्यांच्या भावाबद्दल काही बोलू नये.